ऐंशी मैलांवरची चढाई

मासेमारीच्या बोटीवर टीव्ही कशाला हवा, असं विचारणारा माणूस सलग बारा दिवस खाऱ्या पाण्यावर कधी राहिलेला नसतो. मी राहिलोय, एकदाच, आणि तेवढं मला जन्माला पुरलं. उतरल्या उतरल्या ठरवलं की यापुढे आपण बोटीवर जायचं नाही, बोटवाल्यांनी आपल्याकडे यायचं. हर्णैच्या बंदराला लागून माझं दुकान आहे, मुरकर मरीन इलेक्ट्रॉनिक्स. मासे शोधायचा सोनार, जीपीएस, वायरलेस, आणि गेली काही वर्षं टीव्ही. आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की मी त्याला काहीतरी गळ्यात मारणार आहे. खरं म्हणजे निम्म्या वेळा मी लोकांना परत पाठवतो.

हरेश्वर चोगलेलाही मी परत पाठवणार होतो. हऱ्या माझा पहिलीपासूनचा वर्गमित्र, आता स्वतःच्या बोटीचा मालक आणि तिचा तांडेलही, म्हणजे बोट हाकणारा तोच. नारळी पौर्णिमा होऊन चारच दिवस झाले होते. बोटी निघायच्या गडबडीत होत्या आणि हा माझ्या काउंटरवर कोपर टेकून उभा.

“सुऱ्या, टीवी पायजे. पण असा, का पोरीचं तोंड दिसलं पायजे.”

पोरगी म्हणजे प्रांजल. अठरा वर्षांची, राज्याच्या कुमारी संघातली चढाईपटू. तिचे कबड्डीचे सामने थंडीत असतात आणि ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत तिचा बाप समुद्रात असतो. पाच वर्षांत त्याने तिचा एकही सामना पाहिलेला नव्हता. घरी आला की बायकोच्या मोबाईलवर बघायचा.

“मग बघतोस ना,” मी म्हटलं. “सामना संपल्यावर इथून भरून घेऊन जा, बोटीवर बघ. खर्च नाही, कटकट नाही.”

“शिळा भात खातो मी, शिळी मॅच नाय बगायची. निकाल आधीच कानावर आलेला असतो रे. मग तिचं काय व्हईल म्हणून पोटात गोळा येत नाय. मला तो गोळा पायजे.”

मला स्वतःला मूलबाळ नाही, म्हणून वाद न घालता मी कपाट उघडलं.

मी त्याला एकेक पर्याय सांगितला. पहिला, मोबाईलच्या टॉवरवर चालणारा. किनाऱ्यापासून बारा मैलांपर्यंत झकास, त्यापुढे अंधार, आणि हऱ्याची बोट जाते ऐंशी मैलांवर. दुसरा, घुमटातली डिश. घराच्या गच्चीवरची डिश एका जागी उभी राहून उपग्रहाकडे बघते. बोट मात्र डुलते, आणि डिशची नजर एखाद्या अंशाने जरी हलली तरी चित्र जातं. म्हणून घुमटाच्या आत मोटारी असतात. बोट डावीकडे कलली की त्या डिशला उजवीकडे कलवतात, दिवसभर, न थकता. तीन हंगामांत खारं वारं त्यांचे बेअरिंग खातं आणि घुमट नुसता मडक्यासारखा डोलकाठीवर बसून राहतो. असे चार घुमट माझ्या मागच्या खोलीत पडलेले आहेत. तिसरा, बोटीवरून आकाशात बोलायचा, म्हणजे फोन-इंटरनेटचा दुहेरी संच असतो, पण त्याचा परवाना लहान बोटींना मिळत नाही. आपल्याला फक्त ऐकता-बघता येईल असं काहीतरी हवं होतं.

“आणि चौथा?” हऱ्याने विचारलं, कारण कपाटातल्या नव्या खोक्यावर त्याची नजर कधीची होती.

चौथा होता पूरक संच. त्याची पाटी केबिनच्या टपावर पाटासारखी सपाट बसते. तिच्यात हलणारं काही नाही. शेकडो बारीक अँटेना विजेच्या जोरावर आपली दिशा बदलतात. पण खरी करामत आतल्या खोक्यात. एचडी चित्र म्हणजे सेकंदाला पन्नास फोटो, आणि प्रत्येक फोटोत वीस लाख ठिपके. एवढा माल डुलत्या बोटीवर आकाशातून उतरवायचा तर वाट रुंद लागते. ती नसते. म्हणून या संचात चित्र पाठवतच नाहीत, चित्राचं वर्णन पाठवतात. सामना सुरू होताना खोका मैदान बघून घेतो, खेळाडूंचे चेहरे, चालायची ढब, अंगावरचे कपडे. त्यानंतर वरून येतो तो एक बारीक धागा: सात नंबरची मुलगी इथे, डावा पाय पुढे, मान उजवीकडे. त्यावरून खोका चित्र काढतो, इतकं लख्ख की कपाळावरचा घाम मोजावा.

“आणि धागा तुटला तर?”

हा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक मला आवडतं. धागा तुटला तर खोका थांबत नाही. आतापर्यंत पाहिलेल्यावरून पुढे काय होईल याचा हिशेब बांधतो आणि दोन मिनिटांपर्यंत चित्र चालू ठेवतो, समालोचकाच्या आवाजासकट. बघणाऱ्याला सांधा कळतही नाही. म्हणूनच बनवणाऱ्यांनी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका ठेवलाय. तो पेटला की समजायचं, आता दिसतंय ते खोक्याचं अनुमान.

हे सगळं मी हरेश्वरला सांगितलं, आणि त्याने मान हलवली. मान हलवणारा प्रत्येक जण ऐकत असतो असं नाही, हे एवढी वर्षं दुकान चालवून मला कळायला हवं होतं.

संच मी स्वतः बसवला. आमच्याकडे बोटीवर कुठलंही नवं यंत्र चढलं की त्याची पूजा होते. इंजिनाला होते, सुकाणूला होते, जाळ्याला होते, मग टीव्हीलाच का नाही. हऱ्याची बायको वैजयंती नारळ, हळदकुंकू आणि पेढे घेऊन बोटीवर आली. ती मला भावजी म्हणते, मी तिला वैजूवहिनी. तिने पडद्याला कुंकू लावायला बोट पुढे केलं आणि थबकली.

“मध्ये नको, पोरीच्या तोंडावर येईल,” असं म्हणून तिने उजव्या खालच्या कोपऱ्यात हळदकुंकवाचा ठसठशीत टिळा लावला आणि टिकावा म्हणून त्यावर लाल प्लास्टिकचं स्वस्तिक चिकटवलं.

मी ते पाहिलं. तिथे ठिपका पेटतो हे मला माहीत होतं. पण पूजेच्या दिवशी स्वस्तिक कोण खरवडतं? पुढच्या खेपेला बोट आली की जरा वर सरकवू, असा विचार केला आणि पेढा खाल्ला. पुढच्या खेपेला विसरलो. त्याच्या पुढच्याही. ती माझी चूक, आणि तिच्यावर पांघरूण घालायचा माझा विचार नाही.

सामना जानेवारीत पुण्यात होता. राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी, रविवारी दुपारी साडेतीनला. वैजूवहिनी आदल्या दिवशीच पुण्याला गेल्या होत्या. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून एकटाच टीव्हीसमोर बसलो. प्रांजल त्या दिवशी अशी खेळत होती की मी दोन वेळा खुर्चीतून उठलो. सतरा चढाया, त्यातल्या चौदांत गुण. शेवटची चढाई तिचीच आली तेव्हा आपला संघ एका गुणाने मागे होता. दोन गुण आणले तर विजेतेपद.

ती मध्यरेषा ओलांडून गेली. बोनस रेषेकडे पाय टाकला आणि कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला. अंग पुढे गेलं, पाय मागेच राहिला. वर पाच जणी पडल्या. शिट्टी झाली, पाच जणी उठल्या, सहावी उठली नाही. समालोचक हळू आवाजात गुडघ्याबद्दल काहीतरी म्हणाला. स्ट्रेचर आलं.

मी टीव्ही बंद केला. पाचेक मिनिटांनी दुकानातला वायरलेस बोलायला लागला. आता समुद्रातल्या तरंगत्या बोयांवर आवाज पुढे ढकलणारे रिपीटर बसवलेत, त्यामुळे ऐंशी मैलांवरचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येतो. आवाज हऱ्याचा होता.

“सगळ्यांना सांगतो. माझ्या पोरीने जिंकवलं. शेवटच्या चढाईला. बोनस पण घेतला आनि एकीला हात लावून आली. मी बगितलं. समोर बगितलं.”

माझ्या अंगावर काटा आला, कौतुकाचा नव्हे.

नंतर सगळं उलगडलं ते असं. सामना रंगात आला तेव्हाच हऱ्याच्या बोटीवर जाळं वर घ्यायची वेळ झाली होती. खलाशी थांबायला तयार होते, पण मासळी भरलेलं जाळं जास्त वेळ ओढत ठेवलं तर फाटतं. हऱ्यानेच सांगितलं, घ्या वर. कप्पीवरून ओलं, भरलेलं जाळं उचललं गेलं आणि नेमकं केबिनच्या टपावर लोंबत राहिलं, पाटी आणि आकाश यांच्यामध्ये. धागा तुटला तो प्रांजलने मध्यरेषा ओलांडली त्याच क्षणी. खोक्याने हिशेब केला. सतरा चढायांत चौदा यशस्वी, मग अठरावी यशस्वीच होणार. गणित चुकलं नव्हतं, जगात घडलं ते वेगळं होतं. पिवळा ठिपका वैजूवहिनींच्या स्वस्तिकाखाली इमानाने पेटला आणि विझला. धागा परत जुळला तेव्हा जाहिराती चालू होत्या, आणि तांडेल टीव्ही बंद करून, डोळे पुसत, मासळी निवडायला डेकवर गेला होता.

त्या घटकेला आमच्या बंदराच्या तीसएक बोटी समुद्रात होत्या. त्यांतल्या निम्म्या तरी किनाऱ्याजवळ, टॉवरच्या टप्प्यात. त्यांनी खरा सामना पाहिलेला होता. वायरलेसवर आधी बोलले ते काशिनाथ पावसे, आमच्याकडचे सगळ्यांत जुने तांडेल.

“बरं झालं, हरेश्वर. पोरीला जप.”

बस्स. त्यांच्यामागून एकेक बोट अभिनंदन करत गेली. खरं सांगायची जबाबदारी प्रत्येकाने दुसऱ्यावर ढकलली, आणि मीही तेच केलं.

सहा वाजता वैजूवहिनींचा फोन आला. गुडघ्याचे दोन बंध तुटलेत, मंगळवारी सकाळी नऊला ऑपरेशन. “पोर म्हणते, बाबांना सांगू नका, ऐन हंगाम आहे, येईपर्यंत मी बरी होईन. पण भावजी, दार वाजलं की मान वळवते. तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील.”

मी हो म्हटलं. माईक हातात घेतला आणि परत ठेवला. म्हटलं, आज आनंदात आहे, सकाळी सांगू.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर दोन तांडेल बसलेले. त्यांना हरेश्वरसारखा संच हवा होता. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, बाबांनो, त्या खोक्याने खोटं दाखवलं, पोरगी दवाखान्यात आहे. त्यातला एक म्हणाला, “माहीत हाय आमाला. पन हरेश्वरचा आवाज ऐकलास ना काल? मी त्याला तीस वर्षं वळखतो, तसा आवाज कदी ऐकला नाय.” दुसऱ्याने विचारलं की तो पिवळा ठिपका काढून मिळेल का, उगीच मन उडतं. मी दोघांनाही हाकलून दिलं. पण त्यानंतर माझा हात माईककडे जाईना. या दोघांनाही दिसत होतं की मी काय काढून घेणार आहे. पाच वर्षं वाट बघून मिळालेलं दीड मिनिट. दुपारी जेवलो, सोनारची एक वायर विनाकारण सोडवून परत जोडली. लाज वाटत होती आणि तरी मी बसून राहिलो.

संध्याकाळी पाचला एकदाचं तोंड उघडलं.

“हऱ्या, मी सुऱ्या बोलतोय. कालचा सामना आपण हरलो. प्रांजलचा गुडघा गेलाय. उद्या सकाळी ऑपरेशन आहे.”

“काय बोलतोस? दारू प्यालास काय?”

“नाही.”

“मी डोळ्यांनी बगितलं रे. माझ्या डोळ्यांनी. ती परत आली, हात वर केले, हसली. हसताना तिचं बारकं डोळं व्हतात, तसं झालं. तुझं ऐकू का डोळ्यांचं ऐकू?”

मी धाग्याचं सांगितलं, जाळ्याचं सांगितलं. तो ऐकेना. मला खोटारडा म्हणाला, जळतोस म्हणाला. सगळ्या बोटी ऐकत होत्या. एरवी मी नाकावर माशी बसू देत नाही, पण त्या दिवशी निमूट ऐकून घेतलं. शेवटी काशिनाथकाकांचा आवाज आला.

“हरेश्वर, सुरेंद्र खरं बोलतो. आमी पन बगितलं. काल सांगाया पायजे व्हतं, जीभ उचलली नाय.”

मी म्हटलं, “हऱ्या, केबिनमध्ये जा. ते स्वस्तिक काढ. खोक्यात शेवटची चढाई साठवलेली असेल, ती परत लाव आणि त्या कोपऱ्याकडे बघ.”

मधे दहाएक मिनिटं गेली. त्याने पुन्हा माईक उचलला. मागून इंजिनाचा आवाज चढत गेलेला ऐकू आला.

मंगळवारी सकाळी सहाला बोट बंदराला लागली. मी गाडी घेऊन उभा होतो. हऱ्या उतरला तो बगलेत टीव्हीचा खोका घेऊनच. वायरी त्याने सुरीने कापलेल्या होत्या. खोका मागच्या सीटवर ठेवला आणि माझ्या शेजारी बसला. ताम्हिणी घाटात तो म्हणाला, “काल सकाळी सांगितलं असतंस तर नवाच्या आत पोचलो असतो.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तो परत त्यावर कधीच बोलला नाही, आणि बोलला असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. ऑपरेशन झालेलं होतं. प्रांजल गुंगीत होती, पाय मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्यात. वैजूवहिनी नवऱ्याला “आलात,” एवढंच म्हणाल्या आणि त्याला स्टूल दिलं. तो खोका मांडीवर घेऊन बसून राहिला. कपड्यांना मासळीचा वास होता, नर्स दोनदा आत येऊन नाक मुरडून गेली.

चारच्या सुमाराला पोरगी पुरती जागी झाली. बापाला बघून हसली, पण ते हसणं पाहुण्यांसाठी ठेवलेलं असतं तसलं होतं.

“बाबा, सगळ्या बोटींवर मी जिंकले म्हणे.”

हऱ्या खाली बघत राहिला. बारा दिवसांची खेप अर्धी टाकून आलेला, भर वादळात बोट हाकणारा माणूस, आणि खोक्याच्या कापलेल्या वायरी बोटांनी सरळ करत बसला.

“सुरूकाका, लावा ना इथल्या टीव्हीला. बघू दे तरी मला.”

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच हो म्हटलं. गाडीतली वायर आणून खोलीतल्या टीव्हीला मी खोका जोडला आणि ती चढाई लावली. मीही पहिल्यांदाच बघत होतो. प्रांजल मध्यरेषा ओलांडते, वाकते, झेपावते, वळते, परत येते, हात वर. समालोचक बेंबीच्या देठापासून ओरडतो. कोपऱ्यात पिवळा ठिपका सगळा वेळ पेटलेला. इतकं सुंदर होतं ते, की मलाही वाटलं, असंच झालं असतं तर काय बिघडलं असतं.

पोरगी मान पुढे काढून बघत होती. “परत,” म्हणाली. परत लावलं. तिसऱ्यांदा लावल्यावर तिने कपाळाला आठ्या घातल्या.

“काका, माझे पाय कुठायत?”

मग माझ्याही लक्षात आलं. पाय होते, पण पाण्याखाली असल्यासारखे, नुसते फिकट पट्टे. बोनस रेषा तर नव्हतीच. समोरच्या संघातल्या मुली म्हणजे रंगांचे डाग. लख्ख होता तो फक्त तिचा चेहरा. भुवईवरचा लहानपणीचा व्रण, नाकावरचा घाम, वरच्या ओठाला चिकटलेला एक केस.

मला ते समजावून सांगावं लागलं. खोक्याला एक बारीक डोळा असतो, बघणाऱ्याची नजर पडद्यावर कुठे आहे ते टिपणारा. जिथे नजर तिथे तो बारकाईने चित्र काढतो, बाकीचं ढोबळ, म्हणजे कष्ट वाचतात. एरवी वरून येणारा धागा सगळं नीट करत असतो. धागा नसतो तेव्हा त्याच्याकडे फक्त नजर उरते.

“म्हणजे?” वैजूवहिनींनी विचारलं.

“म्हणजे दीड मिनिट हऱ्याने हिच्या तोंडावरून नजर हलवली नाही. म्हणून तेवढंच काढलं खोक्याने.”

प्रांजल बापाकडे बघत राहिली. “एवढी शेवटची चढाई, आणि तुम्ही लाईनसुद्धा नाही बघितली? मी बोनस घेतला की नाही ते?”

“लाईनीत काय बगायचंय,” हरेश्वर म्हणाला.

तिला हसू येईल असं मला वाटलं होतं. तिने उशी मागे सरकवून घेतली, दुखलं तरी सरकवून घेतली, आणि ताठ बसली.

“आता खरी लावा.”

“नको गं,” हऱ्या म्हणाला.

“का नको? बाबा, ही टीव्हीतली मुलगी मी नाही. तिला पायच नाहीत. पाच वर्षं तुम्ही आला नाहीत, मला कधी राग नाही आला, कामच तसं आहे तुमचं. पण आता तुम्ही हीच मनात धरून बसाल, आणि मी लंगडत घरात फिरेन तेव्हा मनातल्या मनात हिच्याशी जोखाल मला. मी पडले ती चढाई माझी आहे. ती बघा.”

ती एवढं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. हऱ्यानेही नसावं. त्याने मला हाताने खूण केली, लाव.

माझ्या मोबाईलवरून मी खरा सामना टीव्हीवर लावला. वरून, मागच्या बाजूने घेतलेलं चित्र होतं. सगळं दिसत होतं, रेषा, पाय, घोटा धरणारा हात. गुडघा वळला तेव्हा वैजूवहिनींनी तोंड फिरवलं. हऱ्याने पलंगाची दांडी धरली होती. चढाई संपली, पाच जणी उठल्या, स्ट्रेचर आलं.

“तोंड दिसत नाय,” तो म्हणाला.

“कॅमेरा मागे होता,” मी म्हटलं.

“परत लाव.”

परत लावलं. तो स्टुलावरून उठून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिला, नाक लावण्याइतका जवळ. तिची पाठ, तिची वेणी, तिच्या पाठीवरचा नंबर.

“दुखलं तवा तोंड कसं झालं ते कळतच नाय रे. जरा पुढनं काय असेल तर बग. दुसरा कॅमेरा असेल. परत लाव.”

“बाबा,” प्रांजल म्हणाली, “त्यात नाही दिसायचं. मी इकडे आहे.”

त्याने लगेच मान वळवली नाही. हात टीव्हीच्या कडेवर तसाच ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग वळला. ती बसली होती, केस विस्कटलेले, हाताला सलाइन, ओठ दाताखाली घट्ट धरलेला. तो पलंगाजवळ आला आणि तिच्याकडे बघू लागला.

“बारीक झालीस,” तो म्हणाला.

रविवारपासून पोर रडली नाही, मैदानावर नाही, ऑपरेशनला नेताना नाही, असं वैजूवहिनी मला मघाशीच दाराबाहेर सांगत होत्या. आता तिचा ओठ दातांतून सुटला. चेहरा वेडावाकडा झाला आणि ती रडायला लागली, लहान मूल रडतं तशी, तोंड न लपवता. वहिनी उठू लागल्या, पण मी त्यांना हातानेच थांबवलं. हरेश्वर बघत राहिला.